मागच्या खोलीतली चूल

माझ्या अपंग बहिणीच्या खात्यात पैसे साठत चालले होते, आणि ते काढून मी माझ्या नावावर ठेवले. तिच्या संमतीने ठेवले, तिच्या भल्यासाठी ठेवले, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. तिने पैसे काढायच्या स्लिपवर सही केली होती हे खरं आहे. तिचं भलं झालं नाही हेही खरं आहे. पुढे मी आजारी पडलो. आजार माझा होता, भुर्दंड तिला पडला. ते कसं झालं, तेवढं सांगायला बसलो आहे.

ज्यांच्या घरातलं एखादं माणूस सरकारी अनुदानावर आहे आणि जे त्याच्या वतीने बँकेत जातात, सह्या घेतात, कागद सांभाळतात, त्यांनी हे वाचावं. मी केलं ते त्यांच्या हातूनही होत असेल, आणि त्यांनाही ती मायाच वाटत असेल.

चूल

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरचे. जातीने गुरव. आजोबांपर्यंत महादेवाची पूजाअर्चा आमच्या घरात होती, आता चुलतभाऊ बघतो. मी बाजारातल्या एका अडत दुकानात मुनीम आहे. शेतकऱ्याची हळद, सोयाबीन येते, माप होतं, हिशेबाची पट्टी मी करतो. दुसऱ्याच्या रकमेत माझ्या हातून कधी चूक झाली नाही, याचा मला फार अभिमान होता.

नंदा माझी धाकटी बहीण. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. घरात ती हातांवर सरकत फिरते, बाहेर तीनचाकी सायकल. कापसाच्या फुलवाती आणि वस्त्रमाळा ती इतक्या सुबक करते की बाजारच्या दिवशी बायका तिला शोधत येतात. तिची वात तडतडत नाही, शेवटपर्यंत शांत जळते, असं म्हणतात. श्रावणात आणि गौरींच्या दिवसांत तिला जेवायला सवड नसायची.

वडील गेल्यावर तिला निराधारचं अनुदान मिळावं म्हणून मी धडपडलो. त्याला उत्पन्नाची अट असते. माझा पगार धरला तर ती अटीत बसत नव्हती. मला सांगण्यात आलं, शिधापत्रिका वेगळी काढा, चूल वेगळी दाखवा, सगळे दाखवतात. चौकशीला माणूस येणार होता, म्हणून माझ्या बायकोने, अलकाने, मागच्या खोलीत माती कालवून एक चूल घातली. त्या खोलीत नंदा झोपायची आणि वाती करायची.

चूल वाळत होती आणि नंदा दारात बसून बघत होती.

"म्हनजे आता मी वेगळी निघाले म्हना की. वाटनीत मला काय दिलं, दादा?"

"चूल दिली की."

"रिकामी?"

"लाकडं तुमची तुमी आना, नंदाताई," अलका म्हणाली. "वेगळं निघायची लई हौस व्हती ना?"

आम्ही तिघेही हसलो. चौकशीचा माणूस आला, चूल बघून गेला, अनुदान सुरू झालं. त्या चुलीत कधी काडी पेटली नाही. नंदाने तिच्यावर कापसाचं गाठोडं ठेवलं. ती पहिल्यासारखीच आमच्यात जेवत राहिली. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा तिच्या डोक्याच्याही वर होता. तिने कधी भाजीला फोडणी दिलेली मला आठवत नाही. ताट वाढून तिच्यापुढे यायचं.

साठत गेलेले पैसे

नंदाला खर्च असा नव्हताच. अनुदान खात्यात यायचं, वातींचे पैसेही ती खात्यातच भरायला लावायची. तिला एक गाळा हवा होता. देवळाच्या रस्त्याला, पायरी नसलेला, सायकल थेट आत जाईल असा. पूजेच्या सामानाचं दुकान काढायचं होतं. "बाजारात फडकं हातरून बसले की लोक वरून बोलतेत," ती म्हणायची. "गाळ्यात बसले की गिऱ्हाइकाला वाकावं लागंल."

एक दिवस बँकेत पासबुक भरून देताना तिथला माणूस सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ताई, चांगली शिल्लक झाली की. एफडी करून टाका." नंदा खूष झाली. मी पासबुक घाईने मिटून खिशात घातलं. त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर ऐकलं होतं की कुणाचं तरी अनुदान बंद झालं, खात्यात पैसे दिसले म्हणून. खरं-खोटं मला माहीत नव्हतं. आता सगळं आधारला जोडलंय, एका बटणावर दिसतं, असं जो तो सांगत होता.

तहसीलला जाऊन विचारायला काय हरकत होती? हाच प्रश्न मला पुढे दवाखान्यात छताकडे बघत पडल्यावर सारखा पडायचा. तालुक्याचं गाव कळमनुरी आम्हाला काही लांब नाही. पण मी गेलो नाही, कारण आमची चूल खोटी होती. एक गोष्ट विचारायला गेलो आणि दुसरी उघडी पडली तर? विचारणारा माणूस नजरेत येतो, अशी माझी समजूत. कागदावर एकदा खोटं बोललं की खरं विचारायची वाट बंद होते, ती अशी.

मी नंदाला म्हणालो, "हे पैसे तुझ्या नावावर दिसले तर अनुदान जाईल. माझ्या नावावर ठेवतो. तुझेच हायेत."

ती वात वळत होती. हात थांबला. "दादा, माझं नाव कुठं तरी ऱ्हाऊ दे त्यात."

"काहून भेतेस? मी हाय ना."

तिने सही केली. माझ्या नावाने एफडी झाली, वारस म्हणून अलकाचं नाव लागलं. नंदाचं नाव कुठेच नव्हतं. त्यानंतर दर वर्षी खात्यात थोडे साठले की मी स्लिप पुढे करायचो आणि ती सही करायची. पुढे पुढे तिने विचारणंही सोडलं. गाळ्याचं मात्र बोलत राहिली.

चप्पल

आजार आला तो पायांतून. आधी तळव्यांना मुंग्या. मी म्हटलं, दिवसभर गादीवर मांडी घालून बसतो, त्यामुळे असेल. मग एका सकाळी दुकानात जाताना चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही. मागून हमाल ओरडला, "मुनीमजी, चप्पल इकडं आन तुमी तिकडं! देवाला चाल्ले का?"

मी हसलो. त्या संध्याकाळी घरात येताना उंबऱ्यावर पाय उचलेना. अलका म्हणाली, झोप झाली नसेल. नंदा जमिनीवर बसली होती, तिच्या नजरेसमोर माझे पायच होते. ती सरकत आली आणि तिने माझं पाऊल हातात घेऊन दाबलं, बोटं वाकवली.

"दादा, हे काय थकल्याचं न्हाई. तुझा पाय माझ्यावानी पडून राहिलाय. आत्ताच्या आत्ता गाडी बोलव."

ती हटून बसली म्हणून मी वेळेत दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर श्वास घरीच थांबला असता. माझा जीव पहिल्यांदा वाचवला तो तिने. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

मान हलवली

हिंगोलीहून नांदेडला पाठवलं. तिथे पोहोचेपर्यंत हातही जड झाले होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. अलकाने ते दोनदा विचारलं आणि तिला ते दोन्ही वेळा म्हणता आलं नाही. मग ते म्हणाले, शरीराची राखण करणारी ताकद चुकून स्वतःच्याच नसांवर उलटली आहे. बरेच लोक बरे होतात. पण आधी आणखी बिघडू शकतं, छातीपर्यंत जाऊ शकतं. काही दिवस रोज महागडी इंजेक्शनं द्यावी लागतील. सरकारी योजनेत त्यातलं किती बसेल ते कागद बघून कळेल, पण सुरुवात आजच करायला हवी.

मी सगळं ऐकत होतो. छताचा पंखा फिरत होता. मला वाटलं, मी मरणार. त्याआधी मरणाची भीती म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं.

अलका वाकली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "आवो, माझ्या पाटल्या ठेवते गहान. पन तेवढ्यानं भागनार न्हाई. ती एफडी मोडू का?"

मला तेव्हा बोलता येत होतं. आवाज बारीक झाला होता, पण शब्द नीट येत होते. आवाज बंद झाला तो दुसऱ्या दिवशी. 'ते पैसे नंदाचे आहेत' एवढंच म्हणायचं होतं. किंवा 'नंदाला फोन लाव, तिला विचार.' फोन अलकाच्या हातातच होता.

मी हो म्हणून मान हलवली.

पैसे माझ्या नावावर ठेवले ही अडाणीपणाची चूक होती, आणि ती मी कुणालाही सांगू शकलो. ही दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. ते पैसे नंदाचे होते हे अलकाला पुढे कळलं तेव्हाही ती समजली की मला बोलणं जमत नव्हतं. मी तिला तसं समजू दिलं.

वॉर्डातले दिवस

अतिदक्षता विभागातले दिवस मला सलग आठवत नाहीत. तोंडात नळी होती. नळी निघाल्यावर जनरल वॉर्डात आणलं तेव्हा मी मानेखाली एखाद्या पोत्यासारखा होतो. ठरावीक वेळाने दोघी नर्स येऊन कुशीवर वळवायच्या, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत. डोळ्यावर माशी बसली तर ती तिच्या मनाने उठेपर्यंत वाट बघायची. सकाळी पुसणं, मग गोळ्या, मग व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम. त्या माझा अंगठा धरायच्या आणि म्हणायच्या, "मनाने हलवा, काका. हलला नाही तरी चालेल, मनाने हलवा." मी मनाने हलवायचो. अंगठा मेल्यासारखा पडून असायचा.

शेजारच्या खाटेवर हट्टा गावचे सत्तारभाई होते. केळीचे व्यापारी, ट्रकवरून पडून कमरेला मार लागलेला. त्यांची बायको दोन भाकरी जास्तीच्या आणायची आणि एक अलकाच्या हातात कोंबायची. अलका नको म्हणाली की सत्तारभाई पडल्या पडल्या ओरडायचे, "खा वहिनी, खा! मुनीमजी उठंपर्यंत तुमी पडल्या तर त्यांना कोन उचलंल? मी?" आणि स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याकडे बोट दाखवायचे. त्या वॉर्डात हसू यायचं ते त्यांच्यामुळे. एकदा मला रडताना बघून त्यांनी उशाशी असलेल्या रेडिओचा आवाज वाढवला. लोकांना माझं हुंदके देणं ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढी दया मला त्या वेळी पुष्कळ झाली.

एका दुपारी अलकाचा भाऊ आला होता. दोघं माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभी होती.

"एटीएमचा नंबर ठावा हाय का तुला?"

"हाय."

"मोटरसायकल इकून टाक. आता काय चालवनार हायेत का हे?"

"बघू. घराचे कागदं कुठं ठेवलेत ते बघावं लागंल."

माझ्या अंगावरून हे बोलणं चाललं होतं. दोघांपैकी कुणीही वाईट नव्हतं. अलका माझ्यासाठी पायातली वहाण झिजवत होती. पण कुणी खाली बघितलं नाही. मी तिथे होतो, जागा होतो, ऐकत होतो, मोटरसायकल माझी होती. पाय गेले की माणसाचं मतही गेलं असं धरतात. मला एकदम मागची खोली आठवली, आणि नंदाच्या पुढे स्लिप धरणारा माझा हात. मीही कधी खाली वाकून, तिच्या डोळ्यांत बघून विचारलं नव्हतं. उभ्यानेच स्लिप धरायचो.

नंदा आली

दसऱ्याच्या आसपास नंदा भेटायला आली. जीपवाल्याने आणि वॉर्डबॉयने तिला उचलून चाकांच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची माझ्या खाटेला लावली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या बरोबरीला आला. जन्मात पहिल्यांदा आम्ही एका उंचीवर होतो.

"काय रे, माझी जागा घेतली व्हय?" ती म्हणाली. डोळे भरले होते, पण तिने टिंगल सोडली नाही. मग तिने मला शिकवलं. खांदा आधी टाकायचा, त्याच्या वजनाने कंबर मागून येते. पायाची वाट बघायची नाही, पायाला ओढायचं. कोपर कुठे रोवायचं. मॅडम बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा अर्धा कुशीवर वळलो. सत्तारभाईंनी टाळ्या वाजवल्या.

निघताना ती कानाशी वाकली. "तुला एक सांगायचं व्हतं. गाळ्याचं बोलनं झालं. बिनपायरीचा हाय, देवळाच्या रस्त्याला. मालक म्हनतो, दिवाळीनंतर देतो. तू बरा हो. मंग आपन पैसे काढू."

तिला माहीत नव्हतं. एफडी मोडून ती माझ्या नसांत गेली होती, आणि ती मला गाळ्याची गोष्ट सांगत होती, मला उमेद यावी म्हणून.

"हो," मी म्हणालो.

विचारायचं होतं

दिवाळीआधी घरी आलो. वॉकर धरून चार पावलं, मग काठी. रोज सकाळी नंदा माझ्यासमोर बसायची आणि माझ्या पोटऱ्या चोळून पावलं वर-खाली करून घ्यायची. मी कंटाळलो की म्हणायची, "तुझ्या पायाला जीव हाय, त्याला आळशी करू नको. माझ्याला असता तर मी नांदेडला चालत गेले असते."

गाळ्याच्या मालकाचा निरोप आला. नंदाने विचारलं, मी म्हटलं, उद्या बघू. असे कितीतरी उद्या गेले. शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "दादा, मालक दुसऱ्याला देतो म्हनून राहिला. आज तरी बँकेत जा. तुला जमत न्हाई तर वहिनीला पाठव."

अलका भांडी घासत होती. तिचीही सहनशक्ती संपली होती. पाटल्या गेल्या होत्या, घरात पगार नव्हता. ती हातातलं पातेलं आपटून उठली.

"कुठले पैसे नंदाताई? तुमचे पैसे तुमच्या भावाच्या अंगात गेले. इंजेक्शनातून गेले. माझ्या पाटल्या गेल्या तवा मला कुनी इचारलं?"

नंदाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. ती माझं पाऊल हातात धरून होती, ते तिने हळूच खाली ठेवलं.

"जीव वाचला ना," ती म्हणाली. "मंग चांगल्या कामालाच लागले."

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "पन मला इचारायचं व्हतं, दादा. मी न्हाई म्हनले असते का?"

आणि ती हातांवर सरकत मागच्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून धूर आला. अलका धावत गेली, तिला वाटलं कापसाला आग लागली. मी काठी टेकत मागून गेलो. नंदाने गाठोडं चुलीवरून काढून कोपऱ्यात ठेवलं होतं. तुराट्या पेटवल्या होत्या. परातीत पीठ होतं. ती भाकरी थापत होती. भाकरी वेडीवाकडी, कडा फाटलेल्या. तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

"हे काय करून राहिल्या, नंदाताई?"

"सैपाक." तिचा आवाज साधा होता, रागाचा नव्हता. "कागदावर वेगळीच व्हते की मी, वहिनी. आता खरी झाले."

अलका तिथेच खाली बसून रडली. म्हणाली, माझ्या तोंडातून गेलं, मनात नव्हतं. नंदाने तिचा हात धरला, गरम भाकरीचा तुकडा मोडून तिला दिला. पण ताट परत आमच्याकडे आलं नाही. माझे पाय चोळायला मात्र ती रोज सकाळी येत राहिली, आपल्या वेळेला, एकही दिवस न चुकवता. ते मला सर्वांत जड गेलं. ती भांडली असती तर मी सुटलो असतो.

गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे.

खिडकी

काठीवर थोडं दूर जाता येऊ लागलं तेव्हा मी कळमनुरीला तहसीलला गेलो. खिडकीशी उभा राहून विचारलं, अपंग बहिणीच्या खात्यात पैसे साठले तर अनुदान बंद होतं का?

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आम्ही वर्षाचं उत्पन्न बघतो. साठवलेली शिल्लक म्हणजे उत्पन्न नाही. त्यावर व्याज आलं तर ते उत्पन्नात दाखवा. नेमकं किती ते पासबुक घेऊन या, बघून सांगते." मग त्यांनी माझ्या काठीकडे बघितलं. "एवढंच विचारायचं होतं?"

एवढंच विचारायचं होतं. परतताना मी पायरीवर बसलो आणि उठावंसं वाटेना.

तुमच्या घरी असा प्रश्न असेल तर माझ्या लिहिण्यावर विसंबू नका. योजना वेगवेगळ्या असतात, नियम बदलतात. जिथून लाभ मिळतो तिथे जाऊन विचारा. विचारल्याने एखादा लाभ गेला, तरी माणूस हातचं जात नाही. आणि पैसे ज्याचे आहेत त्याला सोबत घेऊन जा. मी एकटाच गेलो होतो, हीसुद्धा माझी जुनी खोडच.

जमिनीवर

त्यानंतर मी नंदाशी बरंच बोललो. परिस्थिती सांगितली, नियमाची भीती सांगितली, माझा आजार सांगितला. दर महिन्याला तुझ्या खात्यात भरत जाईन म्हणालो, आणि पुन्हा कामाला लागल्यापासून भरतोही आहे. ती म्हणायची, "भर. घाई न्हाई." मी दारात काठी धरून उभा, ती चुलीपाशी. प्रत्येक वेळी मी बोलून परत यायचो आणि वाटायचं, जे बोलायचं ते राहिलंच. कारण एक गोष्ट तिला ठाऊकच नव्हती.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेलो. ती भाकरी थापत होती. आता तिच्या भाकऱ्या गोल येतात. मला अजून जमिनीवर बसता येत नाही, म्हणजे बसता येतं, पण उठता येत नाही. मी काठी भिंतीला लावली, भिंत धरली आणि खाली सरकलो. शेवटचं अंतर पडलोच.

"अरे, अरे! काहून बसलास? उठवनार कोन तुला?"

"तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. आमचे डोळे एका उंचीवर होते. तव्यावरची भाकरी फुगली, तिने ती न बघता उलटली.

मी म्हणालो, "नंदे, अलकाने एफडी मोडू का म्हणून विचारलं, तेव्हा मला बोलता येत होतं. फोन तिच्या हातात होता. तुला विचार, एवढं मी म्हणू शकत होतो. मरायची भीती वाटली, तू नाही म्हणशील अशीही भीती वाटली, म्हणून मी नुसती मान हलवली. तुझे पैसे तुला न विचारता घेतले. तुझा गाळा गेला. आणि दवाखान्यात तू मला त्या गाळ्याचं सांगितलंस, तेव्हा मी हो म्हणालो. माझं चुकलं. मला माफ कर."